बाकडं ही काळाची गरज

मुंबई महानगरपालिकेचा 2025-26 सालचा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटी 41 लाख रुपयांचा होता. गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. यातल्या 74 हजार 427 कोटींचं काय झालं ते मला विचारू नका. कोस्टल रोड, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, मलजल प्रक्रिया केंद्रं अशी भारदस्त नावं घेऊन ते आपापल्या कामाला गेले. आमच्यासारख्या उपनगरी माणसाचा संबंध येतो तो शेवटच्या 41 लाखांशी. फूटपाथची लादी, बागेतला झोपाळा, कचऱ्याचा डबा, चौकाचा नामफलक आणि बाकडं. विशेषतः बाकडं.

पालिकेने शहराची वाटणी इंग्रजी अक्षरांत केली आहे. कुलाब्याला 'ए' मिळालं आणि गाडी जसजशी उत्तरेला सरकते तसतशी अक्षरं संपत येतात. अंधेरी 'के', घाटकोपर 'एन', बोरिवली 'आर' आणि मुलुंडला थेट 'टी'. मधली आय, जे, ओ आणि क्यू ही अक्षरं गायबच आहेत. निविदा निघाली असणार, प्रतिसाद आला नसणार. आमचा वॉर्ड कोणता ते सांगत नाही. पाण्याचं कनेक्शन अजून तिथलंच आहे.

तर बाकडं. आमच्या रस्त्यावर माणसं बसतील त्याहून जास्त बाकडी आहेत. लोखंडी चौकट, पाठीला पत्रा, पत्र्यावर मोठ्या अक्षरांत 'यांच्या प्रयत्नाने', त्याखाली नाव, त्याखाली त्या व्यक्तीची आजी-माजी पदं आणि अगदी तळाला, गुडघ्यात वाकलं तर वाचता येईल अशा अक्षरांत निधीचं वर्ष. समोरासमोरची बाकडी वेगवेगळ्या पक्षांची आहेत. ज्येष्ठ नागरिक सकाळी एका पक्षाच्या बाकड्यावर बसतात आणि ऊन फिरलं की पिशवी उचलून दुसऱ्या पक्षात जातात. इतकं स्वच्छ कारण देऊन महाराष्ट्रात दुसरं कुणी पक्षांतर करत नाही.

इतकी बाकडी का, याचं उत्तर निधीच्या स्वभावात आहे. नगरसेवकाला वर्षाला 60 लाखांचा नगरसेवक निधी आणि 1 कोटीचा विकास निधी, असा 1 कोटी 60 लाखांचा हिशेब असायचा. हा पैसा 31 मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर लॅप्स होतो. त्यामुळे वस्तू अशी लागते की जिचा दर दरपत्रकात आहे, जी नगावर मोजता येते, जी मार्च संपायच्या आत टेम्पोतून उतरते, जिचा फोटो निघतो आणि जिच्यावर नाव मावतं. या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी वस्तू मानवजातीने आजवर एकच बनवली आहे. त्या मानाने गटार बघा. गटाराच्या आतल्या विटेवर नाव लिहून उपयोग नाही. शिवाय तुंबलेलं गटार साफ केलं की तिथे काही तुंबलं होतं याचा पुरावाच नाहीसा होतो. केलेलं काम दिसत नाही, न केलेलं मात्र जुलैमध्ये घरात येतं.

आता ही खरेदी होते कशी? पालिकेचं मोठं दुकान भायखळ्याला आहे, ना. म. जोशी मार्गावर, बकरी अड्ड्याजवळ. नाव मध्यवर्ती खरेदी खातं. हॉस्पिटलच्या औषधांपासून शाळेच्या दप्तरांपर्यंत लागेल ते तिथून मागवायचं. तुम्ही-आम्ही कचऱ्याचा डबा आणायला गेलो तर 'जरा मोठा दाखवा' म्हणतो. पालिकेला तसं म्हणता येत नाही. तिला लिहावं लागतं की डबा उच्च घनतेच्या पॉलिथिलिनचा, 120 लिटर क्षमतेचा, दोन चाकांचा, झाकणासह आणि अतिनील किरणांना तोंड देणारा असावा. तो येतो आणि अतिनील किरणांना खरोखर तोंड देतो. उंदरांचा उल्लेख अटींमध्ये राहून गेलेला असतो.

मग एस्टिमेट, मग अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या 'हेड'मध्ये शिल्लक आहे का ते बघणं, मग निविदा, मग पाकिटं उघडणं आणि शेवटी एल-वन. एल-वन म्हणजे ज्याने सगळ्यांत कमी दर भरला तो भाग्यवान. इथे एक चमत्कार घडतो. पालिकेच्या शिकलेल्या अभियंत्याने शंभर रुपये खर्च येईल असा अंदाज बांधलेला असतो. कंत्राटदार म्हणतो, मी पासष्टमध्ये करतो. याला 'उणे 35 टक्के' म्हणतात. यातून एक तर अंदाज फुगलेला होता किंवा काम सुकणार आहे, असे दोनच अर्थ निघतात. पण सगळ्यांत कमी दराला नाही म्हणायचं तर त्याचं कारण फाइलवर लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की सही आली. त्यापेक्षा पासष्ट बरे. कंत्राटदाराने काढता पाय घेऊ नये म्हणून फारच उणे भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याचा नियम आहे. हा नियम करणाऱ्याला माणसांची पारख असणार.

स्पर्धा हवी, निदान तीन दर हवेत, हा नियम आपल्यालाही नवा नाही. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर घ्यायची होती तेव्हा तीन कोटेशनं आली होती. तिन्ही दुकानांची नावं वेगळी, पत्ते वेगळे, पण 'मोटार'मधल्या काना-मात्रेची चूक तिन्ही ठिकाणी तीच. तळमजल्यावरच्या काकांनी ती सभेत दाखवली. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "काका, हल्ली शुद्धलेखन सगळ्यांचंच सारखं बिघडलंय." ठराव एकमताने मंजूर झाला. पालिका म्हणजे हीच सोसायटी, फक्त तिथे लिफ्ट जास्त वेळ बंद असते.

कागदावरचा हा सगळा गोंधळ संपावा म्हणून ई-टेंडर आलं. आता सगळं पारदर्शक, संगणकावर, कुणीही घरबसल्या निविदा भरावी. 2014 मध्ये मात्र वॉर्डातल्या कामांच्या ई-निविदांची चौकशी झाली, तेव्हा लक्षात आलं की निविदा भरण्याची खिडकी रात्री-अपरात्री आणि थोडक्याच वेळापुरती उघडत होती. शेवटची बोरिवली लोकलही निघून गेलेली असायची अशा वेळी. ज्याला ठाऊक होतं तो जागा राहिला, बाकीचे स्पर्धक झोपले. पुढे अभियंत्यांवर निलंबनाची कारवाई झाली. काळोखात केलेली पारदर्शकता फार दिसत नाही, एवढाच तंत्रज्ञानाचा दोष.

यापुढचा विनोद माझा नाही, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा आहे. त्यांनी 28 नोव्हेंबर 2019 ते 31 ऑक्टोबर 2022 या काळातल्या पालिकेच्या कामांचं खास लेखापरीक्षण केलं आणि तो अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत ठेवला गेला. त्यात 214 कोटींची 20 कामं निविदा न काढताच दिलेली सापडली. आणखी 64 कामं होती, रक्कम 4,755.94 कोटी, ज्यांत पालिका आणि कंत्राटदार यांच्यात करारपत्रच झालेलं नव्हतं. मी गेल्या वर्षी पोटमाळ्यावरची खोली भाड्याने दिली तेव्हा अकरा महिन्यांचा करार, दोन साक्षीदार, पोलीस पडताळणी आणि अंगठा असं सगळं लागलं होतं. पावणेपाच हजार कोटींना 'बरं, लागा कामाला' एवढं पुरलं. चौकशी, आरोप, राजकारण हे सगळं पुढे रीतसर झालं. कोण कोणाच्या काळात काय म्हणालं यात मी पडत नाही, कारण दर पाच वर्षांनी बोलणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या खुर्च्या बदलतात आणि भाषणं तीच राहतात.

बाकड्याने आपली खरी उंची गाठली ती 2023 मध्ये. पालिकेने 'स्ट्रीट फर्निचर' घ्यायचं ठरवलं. बाकडी, कुंड्या, कचरापेट्या, फूटपाथवरचे खांब अशा 13 प्रकारच्या वस्तू, कंत्राट 263 कोटींचं आणि सगळं एकाच पुरवठादाराकडून. सोफासेटसोबत टीपॉय आणि फुलदाणीही त्याच दुकानातून घ्यावी म्हणजे शोभा राहते, असा विचार असेल. पण दर फार चढे आहेत आणि रस्त्याच्या वस्तू रस्ते खात्याऐवजी खरेदी खातं का घेतंय, असे प्रश्न निघाले. गंमत म्हणजे सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे आमदार आक्षेप घेत होते. मुंबईत बाकड्याइतकं सर्वपक्षीय दुसरं काही उरलेलं नाही हे त्या दिवसांत सिद्ध झालं. शेवटी पालिकेने ते कंत्राट रद्द केलं.

त्याच सुमाराला सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रमही चालू होता. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेला, सुमारे 1,700 कोटींचा. दिव्याच्या खांबांना दिव्यांच्या माळा लावण्यात आल्या, म्हणजे दिवा नीट दिसावा म्हणून. झाडांनाही माळा लागल्या. रात्रभर चालणाऱ्या त्या रोषणाईने पाखरांची झोप उडाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये झाडांवरच्या माळा उतरवायची वेळ आली. लावण्याचा खर्च एका हेडमधून झाला. उतरवण्याचा कोणत्या, हे विचारायचं राहिलं.

खड्ड्यांची खरेदी हा तर वेगळाच प्रांत. खड्डे फुकट मिळतात, भरायचा माल विकत घ्यावा लागतो. 2017 मध्ये पालिकेने त्यासाठी ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून कोल्डमिक्स आणून पाहिलं. खड्डा अंधेरीचा, पाऊस सह्याद्रीवरून वळलेला आणि मसाला परदेशी. मग असलाच माल वरळीच्या डांबर कारखान्यात बनवायचं ठरलं आणि तो कितीतरी स्वस्त पडला. खड्डा मात्र आधीपासूनच स्वदेशी होता, हे लक्षात घेतलं पाहिजे.

पालिकेच्या शाळांतल्या मुलांना 27 वस्तू मोफत मिळतात. गणवेश, बूट, दप्तर, वह्या, पावसाळी साहित्य. योजना खरोखर चांगली आहे आणि या शाळांत शिकणाऱ्या घरांना तिचं मोल माहीत आहे. अडचण फक्त पंचांगाची. अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो, पैसा एप्रिलपासून वापरता येतो, त्यानंतर निविदा निघाली की हरलेला कंत्राटदार जिंकलेल्याविरुद्ध तक्रार करतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, फेरनिविदा होते, आणि इकडे शाळा आणि पाऊस दोघंही कोणाची मंजुरी न घेता जूनमध्ये सुरू होतात. रेनकोट उशिरा आल्याच्या बातम्या इतक्या वर्षी छापून आल्यात की संपादकांना नवं लिहावं लागत नसावं. पाऊस दर वर्षी जूनमध्येच येतो ही माहिती पालिकेपासून कुणी लपवून ठेवली आहे, याची एकदा चौकशी व्हावी.

आता आमच्या गल्लीचं सांगतो. कोपऱ्यावरचं एक झाकण नाहीसं झालं. लोखंडी झाकणाला भंगारात किंमत येते, त्यामुळे ती रात्री चालत जातात. मी वॉर्ड ऑफिसात गेलो. परिरक्षण खात्याच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आस्थेने विचारलं, "काका, झाकण गोल होतं की चौकोनी?"

"गोल."

"मग आमचं नाही. मलनिःसारण. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोल असलं तरी रस्त्याच्या मध्ये आहे की कडेला?"

"कडेला."

"कडेला म्हणजे पर्जन्य जलवाहिनी. ते साहेब साइटवर गेलेत."

ते साहेब ज्या साइटवर गेले होते तिथे आमची गल्ली नव्हती. त्यांच्या टेबलाशी बसलेल्या तरुणाने सांगितलं की झाकण लहान असेल तर पाण्याच्या व्हॉल्व्हचंही असू शकतं, मग ते जलखात्याकडे जातं. "आणि काका, एखाद वेळेस टेलिफोनवाल्यांचं पण असतं." मी विचारलं की आत पडणाऱ्या माणसाने पडण्याआधी नक्की कोणतं खातं बघायचं. तो हसला, पण त्याने तक्रार नोंदवून घेतली आणि नंबरही दिला. माणूस चांगला होता. झाकणं बसवण्यासाठी वर्षाचं कंत्राट असतं, त्यातला माल संपलाय, नवीन निविदा 'प्रोसेसमध्ये' आहे, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे झाकण एक हवं होतं, पण पालिकेला एक झाकण विकत घेता येत नाही. हजार घेता येतात.

मधल्या काळात वॉचमनने त्या भोकात आंब्याची फांदी खोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. निविदा नाही, अनामत नाही, उणे-अधिक नाही. मार्चअखेरीस एक टेम्पो आला. सगळे खिडक्यांतून बघू लागले. टेम्पोतून दोन बाकडी उतरली. बसवणाऱ्यांना भोक दिसलं नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांनी ते बरोबर टाळून बाकडी बसवली. आता तिथे निवांत बसून फांदीकडे बघता येतं.

मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मला वाटलं, आता बाकडी थांबतील. छे! 2023 मध्ये आमदारांच्या मागण्यांना पालिकेच्या तिजोरीतून, पालकमंत्र्यांच्या संमतीने, निधी देण्याची वाट निघाली, आणि तो निधी सत्ताधारी बाकांवरच्यांनाच मिळतोय असं आकड्यांसकट छापून आलं. पत्र्यावरची नावं बदलली, अक्षरांचा आकार तोच राहिला. मग जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली आणि 227 नगरसेवक परत आले. गल्लीतल्या जुन्या बाकड्यांवर नवा रंग चढेल असं दिसतंय.

या सगळ्यात लोकांना विचारण्याची पद्धतच नाही असं नाही. उलट मुंबईत त्याची सुरुवात आपल्याच उपनगरात झाली. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपला कचरा आणि आपली गल्ली स्वतः सांभाळायला घेतली, आणि त्यातून पालिकेची 'एएलएम' म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट ही योजना उभी राहिली. 2007 मध्ये जुहूकरांनी पक्षांना बाजूला ठेवून अडॉल्फ डिसूझा हा आपल्यातलाच उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून दिला. निधी कुठे लावायचा ते नागरिकांनी ठरवावं ही त्यामागची कल्पना. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोक सभेत बसून खर्चाचा क्रम ठरवू लागले. पुण्यातही 2006 च्या सुमारापासून नागरिक फॉर्म भरून आपल्या भागातली छोटी कामं अर्थसंकल्पात सुचवतात. पुणेकरांना सूचना करायला अधिकृत फॉर्म मिळाला, यापेक्षा मोठी लोकशाही ती काय! त्यांनीही बाकडी सुचवली नसतील याची मी हमी देत नाही. आपणच बाकडं मागतो, कारण मागताना आपल्यालाही तेच आठवतं.

पण पालिकेच्या खर्चात वाटायच्या वस्तूंचंही एक खातं आहे, महिलांसाठी शिवणयंत्र, घरघंटी आणि मसाला कांडप यंत्र. याची चेष्टा मी करणार नाही. भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत एका घरघंटीवर घर चालतं, आणि त्या यंत्रावर कुणाचा स्टिकर आहे हे पीठ दळताना दिसत नाही. पैसा योग्य माणसापर्यंत पोचू शकतो, एवढं त्यावरून कळतं. बाकड्यांचा राग त्याचमुळे जास्त येतो.

तर मुद्दा असा की दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी पालिका नागरिकांकडून सूचना मागवते. वर्तमानपत्रात चौकट येते, ईमेलचा पत्ता असतो, मुदत असते. आपण ती चौकट वाचून 'काय उपयोग' म्हणतो आणि पान उलटतो. या वेळी उलटू नका. कोस्टल रोडविषयी लिहू नका, तो तुम्हाला विचारून झालेला नाही. एवढंच लिहा की आमच्या गल्लीत नवीन काही नको, जे आहे ते दुरुस्त करा, आणि दुरुस्तीला वेगळं हेड ठेवा. खाली वॉर्डाचं अक्षर लिहा, गल्लीचं नाव लिहा, आणि झाकण गोल आहे की चौकोनी, तेही आठवणीने लिहा.